चालती गाडी



कवीला रेडिओवर बोलावलं की तो पावसावर बोलेल किंवा आईवर बोलेल, अशी सर्वसाधारण समजूत असते. मी आज ब्रेकवर बोलणार आहे. पाऊस त्यात येईलच, कारण मी चिपळूणचा.

माझे वडील गॅरेजवाले मिस्त्री. मराठी घेऊन बी. ए. होणारा घरातला मी पहिला आणि हाताला ग्रीस न लागलेलाही मी पहिलाच. थोरल्या भावानं, म्हणजे भाईनं, गॅरेज सांभाळलं. आमच्या दारात एक जीप असायची. लोक तिला ‘डिस्पोजलची जीप’ म्हणत. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करानं ज्या गाड्या मोडीत काढून विकल्या, त्यातली ती एक. दोन-तीन हात फिरून १९६८ साली ती अब्बांकडे आली.

तुम्ही म्हणाल, जीप म्हणजे छोटी मोटार. पण अमेरिकन लष्कराच्या कागदांवर तिची नोंद ‘ट्रक’ अशीच आहे, पाव टनाचा, चारही चाकांना जोर असलेला ट्रक. विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी युद्धाच्या काळात असे सहा लाखांहून अधिक ट्रक बनवले. इंजिन चार सिलिंडरचं, २.२ लिटरचं, साठ अश्वशक्तीचं. वीज सहा व्होल्टची. स्टिअरिंग डावीकडे. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली. आजही पंपावर गेलं की आधी ड्रायव्हरनं उठायचं, सीट उचलायची आणि मग झाकण उघडायचं. पंपावरची मुलं हसतात.

सुटे भाग मिळाले ते महिंद्रांमुळे. १९४५ साली ही कंपनी निघाली तेव्हा तिचं नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. तिनं विलीज जीप मुंबईत जुळवायला सुरुवात केली. अब्बा म्हणायचे, “माणूस गेला, पण एम अँड एम काही बदललं नाही. आपल्याला नट-बोल्ट मिळाल्याशी कारण.” फाळणीवर त्यांनी यापेक्षा जास्त बोललेलं मला आठवत नाही.

आता ब्रेकची गोष्ट. १९८३ साल. मी शाळेत होतो. अब्बांबरोबर कराडहून परत येताना कुंभार्ली घाट उतरत होतो. एका वळणावर अब्बांनी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ फळीला टेकलं. एका चाकातलं रबर फाटून तेल वाहून गेलं होतं. या जीपला ब्रेकच्या तेलाची वाट एकच. चारातल्या कुठल्याही एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. अब्बांनी गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या चरात घातली. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, मागे जाणाऱ्या शाफ्टवर असतो, म्हणून तो तेवढा शाबूत होता. माझ्या कपाळाला खोक पडली. अब्बा काही बोलले नाहीत, पण त्यांचे हात बराच वेळ स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.

अब्बा २००३ साली गेले. भाईनं जीप झाकून ठेवली. ईदला आणि गणपतीला बाहेर काढायची, एक फेरी मारायची, पुन्हा झाकायची. २००५ च्या पुरात ती जरा उंचावर होती म्हणून वाचली. २२ जुलै २०२१ च्या पुरात मात्र नाही वाचली. वाशिष्ठीचं पाणी गॅरेजच्या पत्र्याला लागलं. पाणी उतरलं तेव्हा जीपच्या बॉनेटवर वीतभर चिखल होता.

पुरात बुडालेल्या गाडीचा पहिला नियम असा, की ती चालू करून बघायची नाही. या जीपचा स्टार्टर पायानं दाबायचा असतो. भाईनं सर्वांना बजावलं, “त्यावर कुणी पाय ठेवायचा नाही.” सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही. पिस्टनचा दांडा वाकतो, आणि मग इंजिन गेलंच. आधी चारही प्लग काढले, पुढून हँडल घालून हातानं इंजिन फिरवलं. प्लगच्या भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या. खालचं तेल सोडलं तर दुधाळ चहासारखं पाणी आलं. डिझेल घालून दोनदा धुतलं. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, पुढचा-मागचा डिफरन्शियल या सगळ्यांत पाणी होतं. चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन निघालं होतं. फरशीच्या पत्र्याखाली मजबुतीसाठी पट्ट्या असतात, त्यांच्या आत कारखान्यातच लाकूड घातलेलं असायचं. ते पाणी पिऊन कुजलं होतं आणि पत्रा आतून खात होतं.

एवढं झाल्यावर घरात वाद सुरू झाला. पूर आला त्याच जुलै महिन्यात केंद्र सरकारनं जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम काढले होते. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात असलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. भाईला ते पटलं होतं. म्हणाला, “अब्बांची गाडी आहे. जशी होती तशी करायची, नंबर घ्यायचा आणि ठेवायची. कुणी हात लावायचा नाही.” खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं. कवींना असल्या गोष्टी लगेच पटतात.

पुतणीला पटलं नाही. ती शिक्षिका आहे. तिची शाळा डोंगरातल्या एका वाडीवर, अकरा किलोमीटरवर. पावसाळ्यात शेवटच्या दोन किलोमीटरांत स्कूटर घसरते, रिक्षा वर येत नाही. ती म्हणाली, “अब्बा, चार चाकांना जोर असलेली गाडी आपल्या दारात आहे, आणि मी चिखलातून चालत जाते. ही गाडी मला द्या.” भाई म्हणाला, “त्या ब्रेकवर मी तुला घाटात पाठवणार नाही.” ती म्हणाली, “मग ब्रेक बदला.”

भाई माझ्याकडे बघायला लागला. मी कपाळ चोळत बसलो.

निकाल गाडीनंच लावला. काम सुरू झालं तसं एकेक उघड होत गेलं. कार्बुरेटर मूळचा नव्हता, तो पुढच्या काळातल्या महिंद्रा जीपचा होता. ब्रेकची एक नळी तांब्याची, अब्बांनी हातानं वाकवलेली. (अशी नळी ब्रेकला घालू नये, तांबं थकून तडकतं. पण तेव्हा मिळालं ते त्यांनी घातलं.) डॅशबोर्डमागे तीन वेगवेगळ्या काळातल्या वायरी. ट्रान्स्फर केसच्या झाकणाखालचं गॅस्केट कसल्या तरी खोक्याच्या पुठ्ठ्याचं, त्याच्या कोपऱ्यात छापील मराठी अक्षरं. भाई ते हातात घेऊन बराच वेळ बसला. मग म्हणाला, “मूळ रूप राहिलंय कुठे? अब्बांनी दरवर्षी काहीतरी बदललंच होतं. घाटातून आल्यावर तर चारही सिलिंडर बदलले.” ते मला माहीत नव्हतं. त्या वर्षी मी फक्त टाके मोजत होतो.

तेव्हा ठरलं, की जीप चालवायची. काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण कुणाच्या तरी दारात अशी गाडी असेल.

ब्रेक पहिले. दोन वाटांचा मास्टर सिलिंडर बसवला. पुढच्या चाकांची वाट वेगळी, मागच्यांची वेगळी. एकीकडे गळती झाली तरी निम्मा ब्रेक हातात राहतो. नळ्या सगळ्या नव्या, पोलादी.

दुसरं स्टिअरिंग. पन्नासच्या वेगाला पुढची चाकं थरथरायची. अब्बांच्या काळात लोक म्हणायचे, लष्करी गाडीचा स्वभावच तो. स्वभाव वगैरे काही नसतो. स्टिअरिंगचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणारा एक तुकडा पुढच्या आसावर असतो, त्याला बेलक्रँक म्हणतात. त्याच्या आतली सुईसारखी बेअरिंग झिजली होती. ती आणि किंगपिनच्या बेअरिंग बदलल्यावर थरथर गेली.

तिसरं वीज. सहा व्होल्टवर हेडलाइट म्हणजे काजवे. बारा व्होल्टचं नवं वायरिंग केलं, डायनॅमो काढून अल्टरनेटर लावला. इंडिकेटर बसवले. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला चालू स्थितीतलं संकेत देणारं यंत्र असलंच पाहिजे, असा आपल्याकडे कायदा आहे. दोन्ही बाजूंना मोठे आरसे आणि सीटबेल्टही आले. बेल्ट पत्र्याला नाही, चासीला बांधले.

चौथं इंजिन. अनेकांनी या जिपांना डिझेल इंजिनं घातली. आम्ही घातलं नाही. पुस्तकातला इंजिन नंबर तोच राहिला, आणि भाईचं मनही राहिलं. पण ब्लॉक कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घेतल्या. जुन्या इंजिनांना शिशाचं पेट्रोल लागायचं, शिसं त्या सीटना झिजू देत नसे. २००० सालापासून देशात बिनशिशाचंच पेट्रोल मिळतं. आता तर त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. जुनं रबर त्यात फुगतं, म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे घातले.

हे सगळं करण्याआधी भाई कामांची यादी घेऊन आरटीओत जाऊन आला. काय चालेल, काय नाही, ते विचारून मगच पाना उचलला. गाडीत बदल आधी आणि विचारणं नंतर, असं कुणी करू नये. नोंदणीचं नूतनीकरण झालं. नंबर जुनाच राहिला.

पेट्रोलचं विचाराल, तर लिटरला सात-आठ किलोमीटर. शहाणा माणूस हा धंदा करणार नाही. पण त्या शाळेच्या आणि शेजारच्या वाडीच्या मिळून चार शिक्षिका जीपनं जातात, पेट्रोल वाटून घेतात. फक्त पावसाळ्याचे चार महिने. उन्हाळ्यात स्कूटर.

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी मी पुतणीबरोबर गेलो. उतारावर मी नकळत उजवा पाय फळीवर दाबत होतो. तिनं ते पाहिलं. म्हणाली, “चाचा, तुमच्या बाजूला ब्रेक नाही.” मग मुद्दाम एका मोकळ्या जागी तिनं गाडी वेगात आणली आणि थांबवली. गाडी सरळ रेषेत थांबली.

घरी आलो तर भाई दारात उभा होता. शाळा कशी आहे, रस्ता कसा आहे, काही विचारलं नाही. खाली वाकून आधी चारही चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवून पाहिला, तेल कुठे ओलं लागतंय का ते. मग हात पुसत म्हणाला, “उद्या रविवार. ग्रीस मारायचंय. तू ये, नुसता बसून राहा पाहिजे तर.”

मी गेलो. ग्रीस मीच मारलं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)