घरातल्या वस्तू, घरातला इतिहास

राजेरजवाड्यांच्या कथा बखरींत सापडतात. साध्या माणसांचा संसार कसा चालायचा, हे पाहायचं असेल तर पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावं. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. तो सांभाळून, गावोगाव हिंडून त्यांनी जुन्या वस्तू जमवल्या. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी या संग्रहाला दिलं आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

तिथली वज्री पाहा. टाचा घासण्याचं हे साधन खालून खरखरीत, वर मात्र नक्षीदार. सुपारी कातरायच्या अडकित्त्यालाही पक्ष्यांचे, प्राण्यांचे आकार दिलेले. रोजच्या कामातही त्या कारागिरांनी सौंदर्य जपलं.

जुन्या वस्तूंचा हा छंद आपणही जोपासू शकतो. रविवारी तासभर काढा. माळ्यावरचं पितळी भांडं, जुनी दौत खाली घ्या. आजीला विचारा, या वस्तू कशासाठी वापरायचे, कुठून आणल्या. ऐकलेलं वहीत लिहा, शेजारी तारीख घाला. आजी आहे तोवर हे विचारून घ्यायलाच हवं.