फक्त पाचशे कॅन: महागड्या बिअरचे पैसे कशाचे?

कुंभकोणमहून बोलतोय.

आजचा विषय ऐकून आमचे शेजारी हसतील. देवळांच्या गावात बसून एक निवृत्त फौजी बिअरवर बोलणार! पण प्रश्न बिअरपुरता नाही, म्हणून घेतला.

पुणे, मुंबई, बंगळुरू, गोवा इकडे हल्ली छोट्या ब्रूअरीज अधूनमधून एखादी खास बिअर काढतात. लिमिटेड रिलीज. एवढेच कॅन, संपले की संपले, पुन्हा होणार नाही. किंमत नेहमीच्या बिअरच्या तिप्पट-चौपट. माझा एक भाचा पुण्यात असतो. तो अशा कॅनसाठी दुकानदाराला आधी सांगून ठेवतो. त्याचं म्हणणं, "मामा, तुमची सगळी नोकरी मेसमध्ये गेली. खरं सांगा, पैसे वसूल होतात का?"

आता आम्हा फौजींना हे विचारणं थोडं धोक्याचंच. कॅन्टीनच्या भावाने आमची जीभ बिघडत नाही, हिशेब बिघडतो. बाहेरची प्रत्येक बाटली आम्हाला लूटच वाटते. शिवाय मी राहतो तमिळनाडूत. इथे २००३ पासून दारूची किरकोळ विक्री सरकारी टास्मॅकच्याच दुकानांतून होते. तिथे जे मिळेल ते घ्यायचं, चोखंदळपणाला वाव कमी. म्हणून माझं बिअरचं निरीक्षण हे वर्षातून दोनदा पुण्याला जातो तेव्हाचं.

आधी करणाऱ्याची बाजू बघू. बिअरला लागतं काय? पाणी, यीस्ट, माल्ट म्हणजे मोड आणून भाजलेली बार्ली, आणि हॉप्स. हॉप्स ही एका वेलीची फुलं. कडवटपणा आणि वास त्यांचा. आपल्याकडे लाहौलच्या बाजूला थोडी लागवड झाली, पण आपल्या ब्रूअरीज मुख्यतः बाहेरूनच मागवतात. साध्या लागर बिअरला हॉप्स चिमटीभर पुरतात. वासाची आयपीए करायची तर त्याच्या कितीतरी पट लागतात. दाट, काळी, तेज स्टाउट करायची तर माल्ट जवळजवळ दुप्पट. ती लाकडी पिंपात मुरवायची ठरली तर महिनोन् महिने पिंप अडकून पडतं, त्यातली थोडी उडूनही जाते. आणि छोट्या टाकीलाही धुणं-पुसणं, राखण मोठ्या टाकीइतकीच. म्हणजे अशी बिअर दीडपट-दुप्पट महाग असेल, तर त्यात फसवणूक नाही.

पुण्यात २००९ साली डूलॅली सुरू झाली, देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रूअरीजपैकी एक. तोवर आपल्याकडे बिअर म्हणजे 'माइल्ड' की 'स्ट्राँग', एवढेच दोन धर्म होते. गव्हाची बिअर, सफरचंदाची सायडर हे सगळं आपल्या लोकांनी नंतर चाखलं. नवं करून बघायचं तर चार घाणे फसतात. त्यांचा खर्च पाचव्यावर पडणार, त्याला माझी हरकत नाही.

हरकत आहे ती दुपटीपासून चौपटीपर्यंतच्या पैशांवर. ते कशाचे?

२००६ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तीन संशोधकांनी बॉस्टनच्या बाजूच्या पबमध्ये लोकांना बिअर दिली. एक साधी, दुसरीत व्हिनेगरचे थेंब घातलेले. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं, त्यांतल्या बऱ्याच जणांना व्हिनेगरवाली जास्त आवडली! ज्यांना आधीच सांगितलं, त्यांनी तोंड वाकडं केलं. दोन वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एकच वाइन दोन किमती सांगून पाजली. महाग सांगितलेली लोकांना जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही तो आनंद दिसला. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते. किंमत ही सुद्धा एक चव आहे, आणि ती आपण घरूनच घेऊन जातो.

आम्ही मित्रांनी पुण्यात आमचा प्रयोग केला. तिघे निवृत्त, एक डॉक्टर. स्टीलचे पेले, म्हणजे रंग दिसायला नको. एका पेल्यात पाच महिने कपाटात जपून ठेवलेली लिमिटेड आयपीए, दुसऱ्यात त्याच जातीची, त्याच संध्याकाळी नळावरून आणलेली साधी ड्राफ्ट. तिघांनीही ताजी उचलली. यात चमत्कार काही नाही. हॉप्सचा वास ही फुलाची गोष्ट आहे, काही आठवड्यांत उतरतो, आणि उष्णतेत लवकर. पिंपातली स्टाउट मुरते, आयपीए म्हातारी होते. पण डबा 'दुर्मीळ' म्हटला की माणूस तो ठेवून देतो. दुर्मीळ म्हणून घ्यायची, दुर्मीळ म्हणून ठेवायची, आणि ठेवल्यामुळे घालवायची!

आता मला कुंभकोणमकडे यायचंय, कारण 'मर्यादित' या शब्दाचा सरळ अर्थ मला इथे कळला.

माझ्या पत्नीचं माहेर इथलं. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला राज्य मांडलं, त्यानंतर कावेरीकाठी स्थिरावलेल्या मराठी घराण्यांपैकी. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली याच कुंभकोणमला जन्मले, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं. तर या गावाची ख्याती कॉफीची. डिग्री कॉफी.

पितळेचा दोन मजली फिल्टर. वरच्या भांड्याला तळाशी बारीक भोकं. त्यात कॉफीची पूड दाबायची, उकळतं पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं आणि हात लावायचा नाही. खाली थेंब थेंब दाट अर्क उतरतो. त्याच पुडीवर पुन्हा पाणी घातलं तर दुसरा अर्क निघतो, पातळ. तो डिग्री कॉफीला चालत नाही. दूध गाईचं, ताजं, पाणी न घातलेलं. 'डिग्री' कुठून आलं याच्या दोन-तीन गोष्टी सांगतात. पहिल्या अर्काला पहिली डिग्री म्हणत, ही एक. चिकोरीचा उच्चार बदलत डिग्री झाला, ही दुसरी, आणि मला ती ओढूनताणून वाटते. मला पटते ती दुधाची. लॅक्टोमीटर बुडवून दुधाची डिग्री बघायची, पाणी निघालं तर दूध परत. गावातल्या जुन्या लक्ष्मी विलास कॉफी क्लबचे पंचामी अय्यर शुद्ध दुधाबद्दल किती कडक होते, याच्या आठवणी अजून सांगितल्या जातात.

ही कॉफीसुद्धा लिमिटेडच, बघा! पहिला अर्क एका फिल्टरमधून मोजकाच निघतो. सकाळचं दूध संपलं की संपलं. पण ही मर्यादा मालाने घातलेली आहे, पाटीवरच्या आकड्याने नाही. आणि तरी तो डवरा-टंबलर रिक्षावाल्यालाही परवडतो.

इथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. जुन्या काळी तमिळ मुलखातल्या कितीतरी कॉफी क्लबांत आणि हॉटेलांत ब्राह्मणांची बसायची जागा वेगळी असे, काही ठिकाणी इतरांना प्रवेशच नसे. पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीने त्याविरुद्ध जोर लावला. इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांचं तमिळ समाजाच्या कॉफीवेडावर चांगलं लिखाण आहे, जरूर वाचा. मी हे काढलं अशासाठी, की 'फक्त काही जणांसाठी' ही चव जुनी आहे. पूर्वी ती जातीवर विकली जाई. आज रांगेत उभं राहणाऱ्याला किंवा पैसे मोजणाऱ्याला विकतात. सुधारणा नक्कीच आहे. पण पेय सारखंच असताना, दुसऱ्याला मिळालं नाही याच्या आनंदाचे पैसे मी देणार नाही.

आता उलट बाजू. तमिळनाडूत हायवेने जा. दर थोड्या अंतरावर 'कुंभकोणम डिग्री कॉफी'ची पाटी, पितळेची भांडी ओळीने मांडलेली. काही ठिकाणी चांगली मिळते, काही ठिकाणी गरम गोड पाणी. नाव कुणीही लावावं, जाब कुणाला विचारणार? इथे मात्र लिमिटेडवाल्या ब्रूअरचं पारडं जड होतं. त्याच्या डब्यावर त्याचं नाव असतं, घाण्याची तारीख असते. बिघडली तर कुणाला धरायचं ते ठाऊक असतं.

आणि वेगळं काढल्याशिवाय काही गुण कळतच नाहीत. आपल्याकडे १९४२ च्या कॉफी कायद्यानंतर मळेवाल्याने आपली कॉफी बोर्डाच्या पूलमध्ये द्यायची अशी पद्धत होती. सगळ्यांचा माल एकत्र. कुणी जीव ओतून पिकवलं तरी पिणाऱ्याला त्याचं नाव कळायचा रस्ता नव्हता. १९९० च्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्याने उठलं, आणि मग चिकमगळूर-कूर्गच्या एकेका मळ्याच्या नावाची पाकिटं दिसू लागली. पनामात गेशा नावाची मूळ इथिओपियाची कॉफी मळ्यात इतर झाडांसोबतच वाढत होती. एका कुटुंबाने तिचा माल वेगळा ठेवून चाखला, २००४ च्या लिलावात पाठवला, आणि पौंडाला २१ डॉलर भाव आला. तेव्हा तो विक्रम होता. मिसळलेलीच राहिली असती तर तिचा गुण पोत्यातच राहिला असता. पुढे मात्र तमाशा झाला. २०२५ मध्ये तिथल्या लिलावात एका लहान लॉटला किलोमागे ३० हजार डॉलरहून जास्त मोजले गेले. २१ डॉलर चवीचे होते. ३० हजार कशाचे, ते घेणाऱ्यालाच विचारा.

बिअरमध्ये याचं उत्तर मला बेल्जियमच्या वेस्टव्लेटरेनला सापडतं. सेंट सिक्स्टस मठातले साधू १८३० च्या दशकापासून बिअर करतात. मठ चालण्यापुरतीच करतात, मागणी कितीही असो. २००५ साली एका प्रसिद्ध यादीत त्यांची 'बारा नंबर' जगात पहिली आली. गाड्यांची रांग लागली. साधूंनी ना टाक्या वाढवल्या, ना भाव चढवला. आधी नोंदणी करा, मोजके क्रेट घ्या, आणि नफ्यासाठी पुढे विकू नका, हा नियम. मठाच्या बांधकामाला पैसे हवे होते तेव्हा, २०१२ मध्ये, खास पेट्या काढून परदेशात विकल्या, काम भागलं, पुन्हा बंद. २०१८ मध्ये एका डच सुपरमार्केटने कुठूनशी काही हजार बाटल्या मिळवून दहा युरोंच्या आसपास एक अशी विकली. मठात तीच बाटली दोन युरोंच्या आत मिळत होती. मठाने नाराजी जाहीर केली. त्या आठ युरोंतला एकही साधूंना मिळाला नाही, आणि बाटलीतल्या बिअरमध्ये थेंबाचा फरक पडला नव्हता.

म्हणून भाच्याला माझं सांगणं असं. ब्रूअरच्या स्वतःच्या नळावर, त्याच्या भावाने, दुप्पट दिलेस तरी चालेल. ते पैसे माल्टचे, हॉप्सचे, फसलेल्या घाण्यांचे आणि त्या पोराच्या पुढच्या प्रयोगाचे आहेत. दुकानदाराने 'शेवटचे दोन राहिलेत' म्हणून वर चढवलेले देऊ नकोस. त्यातला पैसाही ब्रूअरपर्यंत जात नाही.

दुकानात मी स्वतः काय करतो? डबा उलटा करून तारीख बघतो. आयपीए असेल आणि दोन महिन्यांवर गेली असेल, किंवा डबा फ्रिजबाहेर उन्हाच्या खिडकीत मांडलेला असेल, तर पाचशेतला असो की पाचातला, परत ठेवतो. काळी दाट स्टाउट असेल तर एक घेतो, तिघांत. तेज असते, एकट्याने संपत नाही.