श्यामची आई : पुस्तकातली आणि पडद्यावरली



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचनालयाच्या फळ्यावर लागला, त्याच संध्याकाळी एका स्नेह्यांनी मला रस्त्यात गाठले. म्हणाले, "ह्यात बोलण्यासारखे काय आहे हो? पुस्तक सर्वांनी वाचलेले, बोलपट सर्वांनी पाहिलेला. तुम्ही सांगणार की पुस्तक श्रेष्ठ, आणि आम्ही माना डोलावून घरी जाणार!" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. आवडत्या पुस्तकाचा चित्रपट निघाला की निकाल बहुधा आधीच लागलेला असतो. आपण चित्रपटगृहात शिरतो ते प्रेक्षक म्हणून नव्हे, तर फिर्यादी म्हणून. अमका प्रसंग गाळला, तमका बदलला, नायक आपल्या मनातल्यापेक्षा बुटका निघाला; अशी कलमे लावीत आपण बसलेले असतो.

मीही असाच बसलो होतो. तेव्हा माझे वय दहा वर्षांचे होते.

'श्यामची आई' हे पुस्तक मला चौथीत बक्षीस मिळाले होते. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. म्हणून रात्रीची जेवणे झाली, भांडी घासून झाली, की ती चुलीजवळ बसे आणि मी कंदिलाशी बसून मोठ्याने वाची. रोज एक रात्र. पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, हे आपणांस ठाऊकच आहे. अशा बेचाळीस रात्री आम्ही दोनदा वाचल्या. त्यानंतर एका चैत्रात गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला आणि त्यात आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' लागला. आईला घेऊन मी गेलो. जमिनीवर पोते टाकून बसलो. बोलपट सुरू झाला तसा मी बोटांवर मोजू लागलो : ही रात्र आली, ही आली, ही गाळली. शेवटी शेवटी बोटे अपुरी पडली, पण गाळलेल्या रात्रींचा हिशेब पक्का होता. परतताना वाटेत तो सगळा हिशेब मी आईला ऐकवला. ती काय म्हणाली, ते मी पुढे सांगेन. ती जे म्हणाली त्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला, आणि आजचे माझे बोलणे त्याच्याच भोवती फिरणार आहे.

आधी पुस्तकाकडे वळू. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतले, आणि त्याचा बहुतेक भाग अवघ्या चार-पाच दिवसांत लिहून काढला. ते छापून निघाले १९३५ साली. ह्याला कादंबरी म्हणावे की आठवणी, ह्यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. महाराष्ट्रातल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलामुलींनी ते कादंबरीसारखे वाचले आणि आपले म्हणून ठेवले, एवढे आपल्याला पुरे आहे. रचना पाहाल तर साधी आहे. श्याम आता मोठा झाला आहे, आश्रमात राहतो आहे. प्रार्थनेनंतर मित्र भोवती जमतात आणि तो आईच्या आठवणी सांगतो.

ही रचना साधी आहे खरी, पण पुस्तकाचा सगळा जीव तिच्यात आहे. श्याम आई सांगतो, म्हणजे आई आता नाही. पहिल्या रात्रीच्या पहिल्या वाक्याआधीच ती गेलेली आहे. पुस्तकात ती जेथे जेथे हसते, रागावते, दळते, देवाला फुले वाहते, तेथे तेथे ती मुलाच्या डोळ्यांतल्या पाण्यातून दिसते. आणि त्या पाण्यात नुसते प्रेम नाही, पश्चात्ताप आहे. आपण तिला किती छळले, किती उशिरा ओळखले, ह्याची टोचणी आहे. टीकाकार पुस्तकाला रडके म्हणत आले आहेत. पुस्तकात अश्रू फार आहेत, उपदेशही पानोपानी आहे, हे मीही मान्य करतो. चाळिशीनंतर पुन्हा वाचताना काही पाने मी घाईने उलटली. परंतु ज्याला आईच्या अंतकाळी पोहोचता आले नाही, तो मुलगा बोलतो आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या रडण्याला रडकेपणा म्हणवत नाही.

आता चित्रपट काढणाऱ्याची अडचण पाहा. कॅमेऱ्याला आठवण दिसत नाही. त्याच्यासमोर जे उभे राहील ते त्याला दिसते, आणि जे दिसते ते आत्ताच घडत असते. आई दाखवायची म्हणजे एक बाई उभी करायची. ती उभी राहिली की ती मुलाची आठवण उरत नाही. ती जिवंत बाई होते. 'श्यामची आई' पडद्यावर न्यायची म्हणजे पुस्तकाचा मुख्य धागाच सोडावा लागणार, हे अत्र्यांना पहिल्याच दिवशी कळले असले पाहिजे.

अत्रे आणि साने गुरुजी! एकाचे नाव घेतले की हशा आठवतो, दुसऱ्याचे घेतले की अश्रू. 'ब्रह्मचारी' आणि 'ब्रँडीची बाटली' लिहिणाऱ्या माणसाने हे पुस्तक हाती घ्यावे, ह्याचे आजही नवल वाटते. पण अत्रे हाडाचे शिक्षक होते, मुलांसाठी त्यांनी वाचनमाला रचल्या होत्या, हे आपण विसरतो. साने गुरुजी १९५० च्या जूनमध्ये गेले. चित्रपट आला १९५३ साली; त्यांना तो पाहायला मिळाला नाही. चित्रपटांना राष्ट्रीय पारितोषिके देण्याची प्रथा त्याच वर्षीच्या चित्रपटांपासून सुरू झाली, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक १९५४ मध्ये ह्या मराठी बोलपटाला मिळाले. बिमल रॉय ह्यांचा 'दो बिघा जमीन' त्याच स्पर्धेत होता आणि त्याला गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र मिळाले. त्यावरून त्या सन्मानाची उंची लक्षात यावी.

आईच्या कामासाठी अत्र्यांनी निवडल्या वनमालाबाई. १९४१ च्या 'सिकंदर'मध्ये ज्यांना प्रेक्षकांनी रुखसानाच्या राजवैभवात पाहिले होते, त्या बाई येथे कोकणातल्या ओसरीवर साध्या लुगड्यात उभ्या राहिल्या. श्याम झाला माधव वझे, म्हणजे पुढे नाट्यदिग्दर्शक आणि समीक्षक म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झालेले माधव वझेच. वनमालाबाईंवर माझी एक तक्रार आहे, आणि ती त्यांच्या अभिनयाची नसून त्यांच्या यशाची आहे. त्या चित्रपटापूर्वी हे पुस्तक वाचणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मनात श्यामच्या आईला त्याच्या स्वतःच्या आईचा चेहरा असे. कुणाची काळी, कुणाची गोरी, कुणाची दात पडलेली. १९५३ नंतर हजारो मुलांच्या मनात तिला एकच चेहरा मिळाला. हे नुकसान लहान नाही.

आता दोन-तीन प्रसंग घेऊ. श्याम आंघोळ करून दगडावर उभा आहे आणि ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईने पदर पसरावा, असा हट्ट धरतो. आई पदर पसरते, आणि पायांना जपतोस तसा मनालाही जप, असे काहीसे सांगते. पुस्तकात हा प्रसंग जेमतेम पानभर असेल. पडद्यावर तो पाहताना मात्र एक गोष्ट दिसते, जी शब्दांत जवळजवळ सांगितलेली नाही : आईचे वाकणे. कामाच्या रगाड्यातून उठून आलेली बाई पोराच्या खुळ्या हट्टापायी वाकते. येथे बोलपटाने पुस्तकावर ताण केली आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. वाकलेली पाठ दिसल्यावर उपदेशाचा उपदेशपणा जातो.

पोहण्याचा प्रसंग त्याहून अवघड. भित्रा श्याम पोहायला जायचे टाळून लपून बसतो, आई शिंपटीने फोडून काढून त्याला घालवते, आणि नंतर तीच त्याच्या अंगावरचे वळ पाहून कळवळते. पुस्तकात मारही श्यामच्या पाठीला लागतो आणि आईचे रडणेही श्यामलाच उमगते. सगळा अनुभव त्याचा. पडद्यावर आपण मारणाऱ्या बाईचे तोंड पाहतो. मुलाला जे वर्षांनंतर कळले, ते आपल्याला त्याच क्षणी कळते. ह्याला लाभ म्हणावे की हानी? मी म्हणेन, दोन्ही. श्यामच्या अज्ञानातून आपल्याला जे दुःख मिळायचे ते येथे मिळत नाही; त्याऐवजी आईच्या एकटेपणाचे दुःख मिळते.

याउलट अळणी भाजीची रात्र आठवा. रताळ्याच्या पाल्याच्या भाजीत आई मीठ घालायला विसरली आहे. वडील एक शब्द न बोलता भाजी खातात, मीठही मागत नाहीत, कारण मीठ मागितले तर तिला चूक कळेल आणि वाईट वाटेल. आई मागाहून जेवायला बसते तेव्हा तिला उमगते. ह्यात दाखवण्यासारखे काय आहे? मीठ नसणे डोळ्यांना दिसत नाही, आणि न बोलणे हीच येथे घटना आहे. काही गोष्टी पुस्तकाच्याच असतात, आणि ही त्यांतली एक आहे असे मी समजतो.

मोळीवाल्या म्हातारीची रात्र तर वेगळ्याच कारणाने अवघड आहे. महार म्हातारीची मोळी खाली पडली आहे, उचलून डोक्यावर द्यायला कुणी पुढे होत नाही. आई श्यामला पाठवते. आणि घरी आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. माणुसकी आणि सोवळे त्या माउलीच्या मनात एकाच वेळी नांदत होते. मोठा झालेला श्याम सांगतो तेव्हा त्या आंघोळीचा अर्थ वाचकाला नीट लागतो, कारण सांगणारा तेथून फार पुढे आलेला असतो. त्याच साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले. सांगणारा काढून घेतला तर उरते ती नुसती आंघोळ. चित्रकर्त्याची खरी परीक्षा अशा ठिकाणी असते; प्रसंग ठेवला की गाळला ह्याने ती होत नाही.

गाण्यांविषयी थोडक्यात. छडीचे ते गमतीचे गाणे आले की तंबूतली सगळी पोरे टाळ्या पिटू लागली होती, मीही पिटल्या. साने गुरुजींच्या शिकवण्याशी छडीचा काय संबंध, असा प्रश्न पुढे कॉलेजात गेल्यावर मला सुचला. ते गाणे अत्र्यांचे आहे, गुरुजींचे नव्हे. द्रौपदीच्या पीतांबराचे गाणे मात्र वसंत देसाई ह्यांच्या चालीत आणि आशाबाईंच्या गळ्यात असे काही उतरले आहे की बहीणभावाच्या प्रेमावर पुस्तकातली पाने वाचतानाही तेच कानात वाजते.

आणि शेवट. पुस्तकात आई जाते तेव्हा श्याम तेथे नाही. तो शिकायला दूर आहे. येऊन पोहोचतो तेव्हा सारे आटोपलेले असते. त्यामुळे आईची शेवटची निजवानीज तो आपल्याला सांगतो ती इतरांकडून ऐकलेली. वाचक त्याच्याइतकाच लांब राहतो आणि त्याच्याइतकाच तळमळतो. चित्रपटात आपण अंथरुणापाशी असतो. मुलाला जे मिळाले नाही ते आपल्याला तिकिटाच्या पैशांत मिळते. कॉलेजात असताना ह्याच मुद्द्यावर मी एक तिखट लेख लिहिला होता, अत्र्यांनी पुस्तकाचे काळीज काढून घेतले, असा. लेख हस्तलिखित मासिकात आला. मोठ्या दिमाखाने तो मी घरी आईला वाचून दाखवला.

तेव्हा तिने मला जत्रेतल्या त्या रात्रीची आठवण दिली. त्या रात्री माझा गाळलेल्या रात्रींचा हिशेब ऐकून ती म्हणाली होती, "तू वाचतोस तेव्हा मला त्या पोराचं वाईट वाटतं रे. आज बाईचं वाटलं." लेख ऐकल्यावर तिने त्यात भर घातली : "पुस्तकात ती पहिल्यापासून मेलेलीच असते. तिथं ती थोडा वेळ जिवंत होती. सावकाराचा माणूस दारात आला की कसं होतं, ते मला ठाऊक आहे. ते पोराला कुठनं कळणार?"

आमच्या दारातही असा माणूस येत असे. आई त्याच्याशी काय बोले, तो तिला काय बोले, हे मला आजही माहीत नाही. मी पुस्तक घेऊन माडीवर गेलेलो असे, कदाचित हेच पुस्तक. लेख मी पुन्हा कुणाला दाखवला नाही.

तेव्हापासून माझा निकाल बदलला. अत्र्यांनी पुस्तकाचा धागा सोडला हे खरेच. पण तो सोडून त्यांनी, मुलाच्या पश्चात्तापाआड जी बाई होती, तिला दोन-अडीच तास तिच्या स्वतःच्या पायांवर उभे केले. पुस्तक श्यामचे आहे. बोलपट आईचा आहे. नाव दोघांचे एकच, एवढ्यावरून एकाची फूटपट्टी दुसऱ्याला लावणे बरे नव्हे.

२०२३ साली सुजय डहाके ह्यांनी पुन्हा 'श्यामची आई' काढला, तोही मुद्दाम कृष्णधवल. आणि त्या वर्षीचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. त्यात तुरुंगातले, चळवळीतले साने गुरुजी आहेत, म्हणजे आठवणारा माणूस परत आला. अत्र्यांनी सोडलेला धागा सत्तर वर्षांनी कुणीतरी उचलला, ह्याचे मला समाधान वाटले. तरी पाहताना माझे मन वनमालाबाईंकडेच जात राहिले, हा माझ्या वयाचा दोष.

बरोबर माझी नात होती. तेरा वर्षांची. बाहेर पडल्यावर तिने विचारले, "आजोबा, ती त्याला एवढं का मारते? समजावून नसतं का सांगता आलं?" मी उत्तर द्यायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबलो. घरी आल्यावर चौथीतले ते बक्षिसाचे पुस्तक तिच्या हातात दिले. बांधणी सुटलेली आहे, पाने जपून उलटावी लागतात. काल रात्रीपर्यंत ती अठराव्या रात्रीपाशी आली होती. ती अळणी भाजीची रात्र. जेवताना तिने आपल्या आईकडे दोनदा पाहिले आणि आमटीत मीठ कमी होते तरी काही बोलली नाही.