काढा घ्या, पण ऑक्सिजनही मोजा

२०२० मध्ये शेजारच्या मालेगावचा युनानी ‘मन्सुरा काढा’ गाजला आणि आमच्या सटाण्यातही घरोघरी काढे उकळू लागले. २०२१ मध्ये अम्मीला कोरोना झाला, तेव्हा मीही तिला काढा दिला. घशाला बरं वाटलं. पण विषाणू काढ्याने मरत नाही, अँटिबायोटिकनेही नाही. सौम्य आजार शरीरच परतवतं. आपण त्याला साथ द्यायची: विश्रांती, भरपूर पाणी, तापाला पॅरासिटामॉल, खोकल्याला मध. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध नको.

सहाव्या दिवशी अम्मी म्हणाली, “मी ठीक आहे.” ऑक्सिमीटरवर आकडा होता ९१. धाप लागली किंवा आकडा ९४ च्या खाली गेला, की घरगुती उपचार संपले. आम्ही लगेच दवाखाना गाठला, म्हणून आज ती इथे पहिल्या रांगेत बसली आहे.