स्टॉप केलं, तरी प्रोग्राम परत का येतो?

वरवट बकालच्या शिवारात पंपाचा ऑटो स्विच कोणाला समजावायला नको. लाइन आली की पंप आपोआप सुरू. पण सगळे पंप एकदम उठले की डीपीवर लोड येतो, ती जळते. म्हणून महावितरण सांगतं, ऑटो स्विच काढा.

रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या लिनक्स कॉम्प्युटरमध्येही असाच ऑटो स्विच असतो. समजा, कॅमेऱ्याचा प्रोग्राम आता नकोय. पण लाइन जाऊन आली की तो पुन्हा रेकॉर्डिंग सुरू करतो आणि मेमरी कार्ड भरत जातं.

टर्मिनलमध्ये ‘सुडो सिस्टिमसीटीएल स्टॉप’ आणि पुढे सर्व्हिसचं नाव दिलं, तर पंप बंद झाला, स्विच तसाच राहिला. ‘स्टॉप’च्या जागी ‘डिसेबल’ लिहिलं, तर स्विच निघाला, पण चालू पंप चालूच. दोन्ही हवंय? ‘डिसेबल’नंतर स्पेस, दोन डॅश जोडून ‘नाऊ’, मग नाव.

तरी परत येतोय? ‘क्रॉनटॅब’, स्पेस, डॅश, ‘एल’ देऊन बघा. ‘ॲट रीबूट’ची ओळ सापडेल. नाहीतर होम फोल्डरमधल्या ‘डॉट कॉन्फिग’मध्ये ‘ऑटोस्टार्ट’ फोल्डर तपासा.

आणि हो, ओळख नसलेली सर्व्हिस डिसेबल करू नका. तुम्ही मोबाइलवरून लॉगिन करत असाल आणि चुकून एसएसएच बंद झालं, तर पुढच्या वेळी दारच उघडणार नाही. मग स्क्रीन आणि कीबोर्ड शोधत फिरावं लागेल.

आधी नाव बघा, मगच स्विच काढा. भेटू पुढच्या भागात!