पळता चोर आणि घरधन्याची बंदूक
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनात वधूवरसूचन, शिष्यवृत्त्या आणि वसतिगृह यांचीच चर्चा व्हावी, हे रीतीला धरून आहे. तरीही कार्यकारी मंडळाने मला चोर आणि बंदूक या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, याला कारण आहे. आपल्यातील पुष्कळ घरांतील मुले नोकरीनिमित्त शहरांत किंवा परदेशी आहेत आणि गावच्या घरात वयस्क जोडपी तेवढी उरली आहेत. काही घरांत परवान्याची बंदूकही आहे. गेल्या वर्षी एका वयोवृद्ध सभासदांनी मला सरळ विचारले, "चोर माझा ऐवज घेऊन पळतो आहे आणि माझ्या हाती भरलेली बंदूक आहे, मी ती का झाडू नये?" प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर आज यथामती देतो.

प्रथम कायदा पाहू. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 1837 साली ज्याचा मसुदा सिद्ध केला, तो दंडसंग्रह 1860 साली संमत झाला आणि 1 जानेवारी 1862 पासून अमलात आला. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. कलमांचे आकडे बदलले, परंतु स्वसंरक्षणाचे तत्त्व बदलले नाही.

हा कायदा घरधन्याशी कठोर आहे, अशी समजूत आढळते. ती खरी नव्हे. संहितेच्या 41 व्या कलमाप्रमाणे जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग, आणि मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटावी अशा परिस्थितीत झालेली चोरी, या प्रसंगी मालमत्तेच्या रक्षणार्थ प्रतिकार करताना हल्लेखोराचा प्राण गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. रात्रीच्या चोराला वेगळे मानण्याची ही दृष्टी फार जुनी आहे; रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यात आणि बायबलमधील निर्गमाच्या पुस्तकातही ती आढळते. कारण उघड आहे. मध्यरात्री दार फोडून शिरलेला मनुष्य भांडी नेण्यास आला आहे की गळा दाबण्यास, हे अंथरुणातून उठलेल्या माणसाला कसे कळावे?

परंतु या अधिकाराला दोन कुंपणे आहेत. पहिले 37 व्या कलमाचे: संरक्षणासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते, अधिक नाही, आणि सरकारी यंत्रणेचे साहाय्य घेण्यास अवसर असेल, तर हा अधिकारच उरत नाही. दुसरे 43 व्या कलमाचे: रात्रीच्या घरफोडीपुरता हा अधिकार, त्या घरफोडीने सुरू झालेला गृहप्रवेश चालू असेतोवरच टिकतो. चोर खिडकीतून उडी टाकून परसात पोहोचला, की प्राण घेण्यापर्यंत जाणारा तो अधिकार मागे घरातच राहिला असे समजावे. साध्या चोरीत, ऐवज परत मिळेपर्यंत किंवा चोर तो घेऊन निसटेपर्यंत, त्याला अडवण्याचा, धरण्याचा, ऐवज हिसकावण्याचा अधिकार असतो. पण तो प्राण घेण्यापर्यंत पोहोचत नाही. मात्र तोच चोर वळून सुरा उगारून अंगावर आला, तर देहरक्षणाचा अधिकार तत्काळ जागा होतो. म्हणजे प्रश्न चोर कोण आहे हा नसून, त्या क्षणी त्याचे तोंड कोणीकडे आहे हा आहे.

मर्यादा ओलांडली तर काय होते? सद्बुद्धीने, पूर्वनियोजन न करता आणि आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याचा हेतू न ठेवता ती ओलांडली असेल, तर 101 व्या कलमाच्या अपवादाने खुनाचा आरोप सदोष मनुष्यवधावर येतो. पण तुरुंग टळतोच असे नाही. शिवाय स्वसंरक्षण सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. घाबरलेल्या माणसाने प्रत्येक घाव तराजूत तोलावा अशी अपेक्षा धरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली दर्शनसिंग खटल्यात म्हटले आहे. परंतु सूड म्हणून केलेल्या कृत्याला हा बचाव लागू नाही. पाठीत शिरलेली गोळी पुष्कळदा स्वतःच साक्ष देते.

1974 साली अमेरिकेतील मेम्फिस शहरी घरफोडी करून कुंपणावर चढणाऱ्या एका पंधरा वर्षांच्या निःशस्त्र मुलावर पोलिसाने गोळी झाडली आणि तो मरण पावला. त्याच्यापाशी दहा डॉलर आणि एक पर्स सापडली. 1985 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की पळणाऱ्यापासून कोणाच्या जीविताला धोका नसेल, तर केवळ तो निसटू नये म्हणून पोलिसाने त्याचा प्राण घेणे घटनाबाह्य होय. त्या देशाचा कायदा आपल्याला लागू नाही. पण दहा डॉलर आणि एक जीव हा हिशेब कोणत्याही देशात जमत नाही.

आता एक घरची गोष्ट सांगतो. ती सांगितल्यावाचून माझे म्हणणे पुरे होणार नाही. मी लहान असताना एका अमावास्येच्या रात्री आमच्या परसात चोर शिरला. वडील बंदूक घेऊन पडवीत आले. आईने "चोर, चोर" म्हणून हाक दिली. फणसाच्या बाजूने एक आकृती धावताना दिसली आणि वडिलांनी बार काढला. छर्रे खोडात शिरले. दिवा नेऊन पाहिले तो तेथे शेजारचे दादा थरथरत उभे होते. आईची हाक ऐकून ते मदतीस धावले होते. चोर केव्हाच दुसऱ्या अंगाने निघून गेला होता. वडिलांनी ती बंदूक पुन्हा कधी हाती धरली नाही. अंधारात धावणारा प्रत्येक जण चोरासारखाच दिसतो, हे मी त्या रात्री शिकलो.

म्हणून काय करावे, ते थोडक्यात सांगतो. चाहूल लागताच घरच्या माणसांना एका खोलीत घेऊन दार लावावे, दिवे लावावेत, मोठ्याने हाक द्यावी आणि 112 या क्रमांकावर दूरध्वनी करावा. चोर पळू लागला तर त्याला वाट द्यावी; त्याची चण, कपडे, वाहन आणि दिशा ध्यानात ठेवावी. पोलीस येईपर्यंत वस्तूंना हात लावू नये. तो आपल्या डोळ्यांदेखत सापडलाच, तर खाजगी माणसालाही त्याला धरता येते; पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. खांबाला बांधून मारणे हा न्याय नव्हे, गुन्हा आहे. धाक म्हणून हवेत गोळी झाडू नये. ती कोठेतरी उतरतेच. बंदूक घरात असेल तर रिकामी आणि कुलपात असावी. वडिलांच्या पश्चात ती केवळ वारसाहक्काने आपली होत नाही. स्वतःच्या नावाचा परवाना लागतो.

यात भ्याडपणा आहे, असे कोणी म्हणेल. मी त्यांना नम्रपणे विचारीन: धीर कशाला अधिक लागतो, बोट दाबायला की ते आवरायला? गेलेले दागिने पुन्हा घडवता येतात. निदान त्यांच्यावाचून सण साजरे करता येतात. पण घरधनी कोर्टकचेरीच्या पायऱ्या चढत असेल, तर त्या घरची मुलाबाळांची लग्ने, शिक्षणे आणि वृद्धांची औषधे, सारेच थांबते. आणि न्यायालयाने सोडून दिले, तरी पळत्या पोराच्या पाठीची आठवण सोडत नाही.

उंबरठ्याच्या आत आपल्या माणसांसाठी खंबीर उभे राहा. उंबरठ्याबाहेर पळणारी पाठ कायद्याच्या हवाली करा. त्या वयोवृद्ध सभासदांना माझे हेच उत्तर आहे.