हृदय घडताना पेशींचा संवाद

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



मागच्या उत्सवात महाप्रसादाच्या पंगतीत एका आजींनी मला विचारलं, "नातवाच्या हृदयाला छिद्र आहे. सून ग्रहणात बाहेर पडली होती, त्यामुळे झालं का?" मी "नाही" म्हणालो, पण तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. म्हणून आज थोडं सविस्तर सांगतो.

गर्भधारणेनंतर साधारण बाविसाव्या दिवशी बाळाचं हृदय धडधडू लागतं. तेव्हा ती एक साधी नळी असते. आठव्या आठवड्यापर्यंत तिचे चार कप्पे होतात. त्यांमधला पडदा अपुरा राहिला, की त्याला आपण छिद्र म्हणतो. हे काम करवून घेणारा कोणी मुकादम नसतो. पेशी शेजारणीला रासायनिक निरोप धाडते आणि आलेल्या निरोपाप्रमाणे वागते.

रक्तवाहिन्यांचंच पाहा. ज्या भागाला प्राणवायू कमी पडतो, तिथल्या पेशी 'व्हीईजीएफ' नावाचं प्रथिन सोडतात. ते पोचताच जवळच्या वाहिनीतली एक पेशी पुढे सरसावते आणि 'नॉच' यंत्रणेद्वारे शेजारणींना सांगते, "तुम्ही मागेच राहा." मिरवणुकीत ध्वज एकाच्याच हाती असतो, तसंच हे.

निरोपाची मात्राही नेमकी लागते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांमधल्या व्हीईजीएफ जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच निकामी केली होती. तरी पिल्लं गर्भातच दगावली. नॉच जनुकातल्या दोषामुळे महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या येऊ शकतात, हे २००५ साली काही कुटुंबांच्या अभ्यासातून दिसलं.

जन्मणाऱ्या शंभरातल्या साधारण एका बाळाच्या हृदयात काही ना काही दोष असतो. बहुतेकदा एकच एक कारण सापडत नाही. ग्रहणाचा त्याच्याशी संबंध नाही. मात्र गरोदरपणाच्या सुरुवातीला झालेला रुबेला आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांनी धोका वाढतो. गोड बातमी घरात कळेपर्यंत अनेकदा हृदय धडधडू लागलेलं असतं. म्हणून रुबेलाची लस आणि साखरेची तपासणी गर्भधारणेच्या आधीच व्हायला हवी.

आजी, काही छिद्रं आपोआप बुजतात, काही डॉक्टरांना बंद करावी लागतात. सुनेला बोल लावू नका. पुढच्या तपासणीला तिच्याबरोबर तुम्हीही जा.

गणपती बाप्पा मोरया!